सेकंड: इंग्रजीतल्या 'दुसरा'मध्ये 'दोन' का दिसत नाही?

शब्दशोध (धागाकर्ता)

'फोर'वरून 'फोर्थ', 'सिक्स'वरून 'सिक्स्थ', 'सेव्हन'वरून 'सेव्हन्थ'. 'थ्री' आणि 'थर्ड' यांचं नातंही जरा लक्ष दिलं की ऐकू येतं. 'टू' आणि 'सेकंड' मात्र कुठेच जुळत नाहीत, कारण 'सेकंड' हा शब्द मुळात मोजणीतून आलेलाच नाही. लॅटिनमध्ये 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणं. त्यावरून 'सेकुन्दुस', म्हणजे मागोमाग येणारा. पुढे कोणीतरी आहे आणि त्याच्या पाठोपाठ हा, एवढंच तो शब्द सांगतो.

याच शब्दाचा लॅटिनमध्ये आणखी एक अर्थ झाला. शिडाच्या जहाजाला मागून रेटणारा वारा म्हणजे 'व्हेंतुस सेकुन्दुस'. नदीच्या ओघाबरोबर होडी नेणं म्हणजे 'सेकुन्दो फ्लूमिने'. वारा आणि पाणी आपल्याच वाटेनं चाललेले, म्हणून 'सेकुन्दुस' म्हणजे 'अनुकूल' असंही म्हणू लागले. आपला 'अनुकूल' उघडून पाहा: कूल म्हणजे नदीचा काठ, अनुकूल म्हणजे काठाच्या अनुरोधानं, ओघाच्या दिशेनं जाणारं. उलट दिशेचं ते प्रतिकूल. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी एकाच प्रवाहात होडी घालावी, हे मला फार सुंदर वाटतं.

'सेक्वी'चं इंग्रजीतलं गोत मोठं आहे. सीक्वेन्स, सीक्वल, कॉन्सिक्वेन्स ही मंडळी चेहऱ्यावरून ओळखू येतात. 'परस्यू', खटला भरण्याचा 'सू', कोर्टातला 'सूट', अंगातला 'सूट' आणि हॉटेलातला 'स्वीट' हे फ्रेंचमधून फिरून आले, म्हणून ओळखू येत नाहीत. कपड्यांचा सूट म्हणजे बरोबरीनं घालायचा जोड, आणि स्वीट म्हणजे एकीला लागून एक अशा खोल्या.

'सेकंड' इंग्रजीत आला तो फ्रेंचमार्गे, तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराला. पहिला ते दहावा या क्रमवाचकांत बाकी सगळे घरचे, हा एकटाच बाहेरून आलेला. तो येण्याआधी काय म्हणत असत, घड्याळातल्या सेकंदाशी याचं नातं काय, आणि रोजच्या लिहिण्या-बोलण्यात हा शब्द कुठे फसवतो, यावर जाणकारांनी लिहावं.

जुनीपोथी

उत्तम धागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: 'अदर' म्हणत. जुन्या इंग्रजीतलं रूप 'ओदेर'. एकाच्या पुढचा तो 'ओदेर', मग 'थ्रिद्दा', मग 'फेओर्था'.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपला 'दुसरा' आजही ही दोन्ही कामं करतो. 'दुसरा पेला दे' म्हटलं तर एक पिऊन झाल्यावरचा पुढचा, की हा नको म्हणून वेगळा, ते प्रसंगावरून कळतं. 'दुसरं कोणी नाही', 'दुसऱ्याचं ते दुसऱ्याला' यांत क्रम कुठेच नाही. जुन्या इंग्रजीची नेमकी हीच स्थिती होती.

'अदर'ची घडण बघण्यासारखी आहे. त्यातला शेवटचा तुकडा म्हणजे आपला 'तर' प्रत्यय, दोघांची तुलना करणारा: लघुतर, गुरुतर. संस्कृतात 'कतर' म्हणजे दोघांपैकी कोणता. इंग्रजी 'व्हेदर'चा मूळ अर्थ अगदी हाच, आणि शब्दही तोच. तसा 'अदर'चा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे 'अन्तर'. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, रूपांतर म्हणजे दुसरं रूप, मतांतर म्हणजे दुसरं मत. पुणे ते सातारा 'अंतर' म्हणतो तो शब्द वेगळा, त्याची यात सरमिसळ करू नये. लिथुएनियन भाषेत याच मुळातला 'आन्त्रास' अजूनही सरळ 'दुसरा' या क्रमाच्या अर्थानं चालतो.

म्हणजे 'अदर' हा मुळात जोडीतला शब्द आहे. दोनच असतील तर एक हा आणि 'दुसरा' तो. लॅटिनच्या 'आल्तेर'चंही तेच. जोडीत वेगळा आणि पुढचा यांत फरक पडत नाही. तीन-चार गोष्टी रांगेत आल्या की फरक पडायला लागतो.

या जुन्या अर्थाचा एक अवशेष आजच्या इंग्रजीत धडधाकट आहे: 'एव्हरी अदर डे', म्हणजे दिवसाआड. तिथला 'अदर' हा क्रमवाचक 'दुसरा' आहे, 'इतर' नव्हे. 'दर इतर दिवशी' असं भाषांतर छापून आलेलं दिसतं, ते याच ठिकाणी घसरतं. 'दि अदर डे' मात्र आज आपल्या परवा-तेरवासारखा सैल वापरतात.

उपपत्ती

जुनीपोथी यांच्या माहितीशी सहमत, पण यापुढची पायरी बरेच जण घाईनं चढतात, म्हणून लिहितो. 'अदर' संदिग्ध होता म्हणून इंग्रजीला 'सेकंड' घ्यावाच लागला, असं सर्रास सांगितलं जातं. संदिग्धता हे कारणाचं अर्धंच अंग झालं.

स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्या भाषांत 'दुसरा' आणि 'इतर' यांना आजही एकच शब्द आहे आणि कोणाचं काही अडलेलं नाही. मराठीचंही अडत नाही. जर्मनमध्ये पूर्वी दुसऱ्याला 'आंडर' म्हणत. तिथे नंतर फरक करावासा वाटला, तेव्हा 'त्स्वाय' म्हणजे दोन यावरून घरच्या घरी 'त्स्वाइटे' पाडला. डचांनी तसाच 'ट्वेडे' केला. इंग्रजांनाही 'टू'वरून एखादा 'टूथ' करता आला असता.

ते झालं नाही, कारण १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडचा दरबार, न्यायालयं आणि जमीनदार फ्रेंच बोलू लागले होते. तयार शब्द कानावर पडत होता. गरज होती आणि पुरवठाही होता, म्हणून उसनवारी झाली. नुसत्या गरजेनं शब्द भाषेच्या आतूनही घडतो.

खुद्द फ्रेंचमध्ये आज दोन शब्द आहेत: 'सगों' आणि 'दझिएम'. दुसरा सरळ 'दा' म्हणजे दोन यावरून केलेला. काटेकोर लिहिणारे दोनच गोष्टी असतील तिथे पहिला आणि तिसरी-चौथी पुढे असेल तिथे दुसरा वापरतात. बोलण्यात हा भेद फारसा कोणी पाळत नाही.

कोकणकडा

शब्दशोध, 'सेक्वी'चं संस्कृतात कोणी आहे का? 'सचिव' आणि 'सेक्रेटरी' यांचं मूळ एकच, असं वाचल्यासारखं वाटतं.

जुनीपोथी

कोकणकडा, यातला अर्धा भाग खरा आहे आणि तोच महत्त्वाचा.

संस्कृतात 'सच्' धातू आहे, अर्थ बरोबर असणं, मागे जाणं, साथ करणं. वेदांत 'सचते' हे रूप येतं. त्यावरून 'सचिव', म्हणजे मूळचा सोबती, मग राजाबरोबर असणारा अमात्य. लॅटिनचा 'सेक्वी' आणि आपला 'सच्' एकाच मुळातले. तेव्हा 'सेकंड' आणि 'सचिव' हे खरोखरचे भाऊबंद आहेत. लॅटिन 'सोकिउस', म्हणजे सोबती, हाही याच कुळातला मानतात. त्याच्यावरून सोसायटी, सोशल, असोसिएट.

'सेक्रेटरी' मात्र या घरातला नाही. तो 'सीक्रेट'वरून आला, मूळ अर्थ गुपितं सांभाळणारा. मंत्रालयात सचिवाला सेक्रेटरी म्हणतात म्हणून ते एका मुळाचे होत नाहीत. सुरुवातीची दोन अक्षरं जुळली एवढंच.

घटिकापळ

घड्याळातल्या सेकंदाबद्दल लिहितो. हा शब्द निराळा नाही, क्रमवाचक 'सेकंड'च आहे. मराठीनं मात्र वर्तणुकीत दोघांना वेगळं केलं: वेळेचा तो 'सेकंद', दुसऱ्या नंबरचा तो 'सेकंड'. 'सेकंद क्लासचं तिकीट' कोणी म्हणत नाही.

बाबिलोनी गणितात साठाची पद्धत होती. ग्रीक ज्योतिर्विदांनी ती वर्तुळासाठी उचलली. एका अंशाचे साठ भाग केले की लॅटिनमध्ये तो 'पार्स मिनुता प्रिमा', पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले की 'पार्स मिनुता सेकुन्दा', दुसरा बारीक भाग. रोजच्या वापरात लांबलचक नावं तुटली. पहिल्यातून 'मिनुता' म्हणजे बारीक एवढं उरलं आणि त्याचं मिनिट झालं. दुसऱ्यातून फक्त क्रम उरला, तो सेकंद. अरबीतही हीच जोडी आहे: मिनिटाला 'दकीका' म्हणजे बारीक, सेकंदाला 'सानिया' म्हणजे दुसरी.

साखळी इथे थांबत नव्हती. अल्‌बिरूनीनं सन १००० च्या सुमाराला अमावास्यांच्या वेळा देताना तास, मिनिटं, सेकंद, मग तिसरे, चौथे असे भाग दिले. रॉजर बेकननं १२६७ मध्ये पौर्णिमांच्या वेळांसाठी तेच केलं. तिसरा भाग म्हणजे सेकंदाचा साठावा, आजच्या हिशेबात सुमारे १६.७ मिलिसेकंद. तुर्कीत त्याचं 'सालिसे' हे नाव अजून कोशात सापडतं. इंग्रजीत चॉसरनं १३९१ च्या सुमाराला अ‍ॅस्ट्रोलेब या यंत्रावर पुस्तिका लिहिली, तिच्यात अंशाची साठ मिनिटं आणि मिनिटाचे साठ सेकंद हे कोष्टक आहे. ध्यानात घ्या, तो कोनाविषयी बोलतो. सेकंद आधी कोनात होता आणि घड्याळात बराच नंतर आला, कारण यांत्रिक घड्याळांना इतकी बारीक वेळ धरताच येत नव्हती. हायगेन्सच्या १६५६ च्या लंबकाच्या घड्याळानं ते चित्र बदललं. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. १९६७ पासून व्याख्या सीझियम-१३३ अणूवर आली: त्याच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद.

आपल्याकडे हीच उतरंड अंश, कला, विकला अशी आहे आणि वेळेत घटी, पळ, विपळ. इथे क्रमवाचकाऐवजी 'वि' उपसर्ग लावून काम भागवलं. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. पंचांगात सूर्योदयापासून १५ घटी ४० पळं दिली असतील तर १५ गुणिले २४ म्हणजे ३६० मिनिटं, आणि ४० गुणिले २४ म्हणजे ९६० सेकंद, अर्थात १६ मिनिटं. एकूण सूर्योदयानंतर ६ तास १६ मिनिटं.

आता चूक कुठे होते ते. अक्षांश-रेखांशात मिनिटापुढे एक तिरकी रेघ आणि सेकंदापुढे दोन रेघा असतात. एक रेघ पहिल्या भागाची, दोन दुसऱ्याची. १८ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद हे नकाशाच्या अ‍ॅपमध्ये टाकताना लोक १८.३११२ असं लिहितात. बरोबर रीत अशी: ३१ भागिले ६० म्हणजे ०.५१६७, १२ भागिले ३६०० म्हणजे ०.००३३, बेरीज १८.५२. दोन आकड्यांतला फरक जमिनीवर सुमारे २३ किलोमीटर भरतो. पुण्यातला पत्ता थेट पुरंदर-भोरच्या बाजूला जाऊन पडतो.

पाढेपाठ

जुन्या जर्मन 'आंडर'चा विषय निघाला म्हणून एक धागा जोडतो. जर्मनमध्ये दीडला आजही 'आंडर्टहाल्प' म्हणतात. शब्दशः 'दुसरा अर्धा': पहिला पूर्ण, दुसऱ्याचा अर्धाच. 'आंडर' क्रमवाचक म्हणून गेला, पण दीडमध्ये टिकला.

आपले अपूर्णांकाचे शब्द याच रीतीनं घडले आहेत. 'अडीच' आला 'अर्धतृतीय'वरून: तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा. 'औट' म्हणजे साडेतीन, तो 'अर्धचतुर्थ'वरून. औटकीचे पाढे म्हणायचे ते हेच, आणि संतांच्या ओव्या-अभंगांत देहाला 'औट हात' म्हणतात तेही हेच, साडेतीन हात. रोमन लोकांचं 'सेस्तेर्तिउस' नाणं अडीच 'आस'चं ('आस' हेही एक रोमन नाणं) होतं. त्याच्या नावाची फोड 'सेमिस तेर्तिउस', अर्धा तिसरा. अक्षरशः अर्धतृतीय. डॅनिशमध्ये पन्नासचा शब्द 'अर्धा तिसरा गुणिले वीस' असा बांधलेला आहे: अडीच गुणिले वीस. परकी माणसं डॅनिश आकड्यांना वैतागतात, पण अडीचकी पाठ असलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये.

खडूफळा

शिकवताना लागणारा भाग लिहिते.

आकड्यापुढची दोन अक्षरं म्हणजे त्या शब्दाची शेवटची दोन अक्षरं, एवढं सांगितलं की निम्मे घोटाळे मिटतात. फर्स्टची एस-टी, सेकंडची एन-डी, थर्डची आर-डी, बाकी सगळ्यांची टी-एच. मुलं बावीसला टी-एच लावतात, कारण वीसच्या पुढे सगळं सारखंच असेल असा त्यांचा समज असतो. बावीस हा 'ट्वेंटी-सेकंड' आहे, म्हणून एन-डी. अकरा, बारा, तेरा यांत फर्स्ट-सेकंड-थर्ड ऐकूच येत नाही: इलेव्हन्थ, ट्वेल्फ्थ, थर्टीन्थ. म्हणून तिन्हींना टी-एच. आणि हे १११, ११२, ११३ लाही लागू, पण १२१, १२२, १२३ ला नाही.

एक्सेल शीटमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये हे बसवायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी संख्येला १०० नं भागून बाकी काढा. बाकी ११, १२ किंवा १३ असेल तर टी-एच लावून तिथेच थांबा. नसेल तरच १० नं भागून बाकी बघा: १ ला एस-टी, २ ला एन-डी, ३ ला आर-डी, उरलेल्यांना टी-एच. हा क्रम उलटा केला की प्रमाणपत्रांवर ११ ला एस-टी छापलं जातं. मराठीत हीच सोय करायची तर त्याहून कठीण, कारण २रा, २री, २रे असं लिंग बघावं लागतं आणि विभक्ती लागली की २ऱ्या होतं.

स्पेलिंगमध्ये नेहमी चुकणारे पाच: फिफ्थ आणि ट्वेल्फ्थमध्ये व्ही जाऊन एफ येतो. एट्थमध्ये टी एकदाच. नाइन्थमधला ई जातो. ट्वेंटिएथ, थर्टिएथमध्ये वाय जाऊन आय-ई येतं. यामागचं कारणही सांगते, मुलांना ते आवडतं. जुन्या इंग्रजीत एफ आणि एस यांच्या पुढे प्रत्यय नुसता 'त' होता: 'फीफ्ता', 'सिएक्स्ता', 'ट्वेल्फ्ता'. पुढे फोर्थ-सेव्हन्थच्या देखादेखी तिथे 'थ' आला. म्हणून 'सिक्स्थ' उच्चारताना जीभ अडखळते. तिथे तो आवाज नंतर आणून बसवलेला आहे. आपलं 'षष्ठ' आणि ते 'सिक्स्थ' एकाच प्रत्ययाचे, 'चतुर्थ' आणि 'फोर्थ'ही तसेच.

मोजपट्टी

खडूफळा यांच्या प्रतिसादात एक भर. अपूर्णांकाचा छेद इंग्रजीत क्रमवाचकानं सांगतात: टू-थर्ड्‌स, थ्री-फिफ्थ्‌स. छेद दोन असला की मात्र 'सेकंड' कधीच नाही, तिथे 'हाफ'. यावरून 'सेकंड' छेदात येतच नाही असं काही जण धरून चालतात. जोडसंख्येत येतो. इंचाच्या पट्टीवर १६ नंतर ३२ भाग असतात. ३/३२ इंच म्हणजे 'थ्री थर्टी-सेकंड्‌स', सुमारे २.३८ मिलिमीटर. ड्रिलचे जुने इंची संच आणि वेल्डिंगच्या तारा या मापात मिळतात.

इथे जोडरेघेला वजन आहे. 'थर्टी-सेकंड' हे नामाआधी आलं तर तीस सेकंदांचं (थर्टी-सेकंड क्लिप), छेदात आलं तर बत्तिसावा भाग, आणि क्रमात आलं तर बत्तिसावा. कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. कारखान्याच्या मराठी सूचनापत्रकात '३० सेकंद' असं भाषांतर झालं तर माप जाऊन तिथे वेळ येते. असा मजकूर मराठीत आणताना शेजारी इंच शब्द आहे का, ते आधी बघावं आणि सरळ ३/३२ इंच असा आकडा लिहावा.

सभावृत्त

सभेत ठराव 'सेकंड' करतात तो शब्द क्रमाचा वाटतो, कारण सूचक पहिला आणि अनुमोदक दुसरा. व्युत्पत्ती निराळी आहे. हे क्रियापद लॅटिन 'सेकुन्दारे'वरून, फ्रेंच 'सगोंदे'मार्गे आलं. अर्थ साथ देणं, अनुकूल करणं. शब्दशोध यांनी वर सांगितलेला पाठीमागचा वारा तो इथे आहे. द्वंद्वात किंवा बॉक्सिंगमध्ये लढणाऱ्याच्या पाठीशी उभा राहणारा 'सेकंड' याच अर्थाजवळचा. तेव्हा 'अनुमोदक' ही निवड अचूक आहे; 'दुय्यम सूचक' असं कुठे कुठे लिहितात, ते चूक.

सोसायटीच्या इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं वेगवेगळी लागतात. एकच सभासद दोन्हीकडे लिहिलेला असेल तर तो ठराव पुढे वादात सापडतो. 'सर्वानुमते मंजूर' एवढंच लिहून नावं गाळणं हीही तितकीच सामान्य चूक.

अवांतर: नोकरीत काही काळ दुसऱ्या खात्यात पाठवणं या अर्थाचा 'सेकंड' ब्रिटिश इंग्रजीत वेगळा उच्चारतात, जोर शेवटच्या भागावर: 'सिकॉन्ड'. 'सेकंडमेंट'लाही 'सिकॉन्डमेंट'. हा फ्रेंच लष्करी भाषेतून आलेला आहे.

कोकणकडा

बँकांच्या सुटीचं इंग्रजी कसं लिहावं? 'एव्हरी सेकंड सॅटर्डे' लिहिलं तर ग्राहक गोंधळतात.

खडूफळा

गोंधळ रास्त आहे. 'एव्हरी सेकंड सॅटर्डे'चे दोन अर्थ होतात: एक शनिवार सोडून एक, किंवा प्रत्येक महिन्याचा दुसरा शनिवार. मराठीत 'दर दुसऱ्या शनिवारी' म्हटलं तरी तीच अडचण. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते आणि महिन्यात पाच शनिवार आले की 'एक सोडून एक' हा हिशेब मोडतो: चौथ्यानंतर पाचवा चालू आणि पुढच्या महिन्याचा पहिलाही चालू. म्हणून महिन्याचं नाव घ्यावं: 'दि सेकंड अँड फोर्थ सॅटर्डेज ऑफ द मंथ', मराठीत 'महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी'. आणि खरोखर एक सोडून एक असेल तर इंग्रजीत 'ऑल्टरनेट', मराठीत 'एक शनिवार आड' लिहावं. 'ऑल्टरनेट'मध्ये जुनीपोथी यांचा 'आल्तेर' बसलेला आहेच.

भाषांतर करणाऱ्यांसाठी आणखी तीन: 'अ सेकंड ओपिनियन' म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत, त्याच डॉक्टरांचं दुसऱ्यांदा नव्हे. 'ऑन सेकंड थॉट्‌स' म्हणजे पुन्हा विचार केल्यावर. 'सेकंड नेचर' म्हणजे अंगवळणी पडलेलं. 'दुसरा स्वभाव' वाचताना खडा लागतो. आणि 'सेकंड लास्ट' आपल्याकडे सगळे म्हणतात; ब्रिटिश लिखाणात 'लास्ट बट वन' जास्त दिसतं.

उपपत्ती

'फर्स्ट'वर कोणी लिहिलं नाही. तोही 'वन'वरून नाही. 'फोर' म्हणजे पुढे (बिफोर, फोरहेड मधला), त्याचं तमभाववाचक रूप 'फर्स्ट', सगळ्यांत पुढचा. जर्मनमधला 'फ्युर्स्ट', म्हणजे राजा किंवा सरदार, हा त्याचा भाऊ. आपला 'प्रथम' 'एक'वरून नाही, 'प्र'वरून आहे आणि तो 'प्र' त्याच मुळातला. म्हणजे पहिला 'सगळ्यांत पुढचा' आणि सेकंड 'त्याच्या मागचा'. तिसऱ्यापासून पुढे खरी मोजणी सुरू होते. संस्कृतात 'द्वितीय'पासूनच मोजणी आहे, इंग्रजीत एक पायरी उशिरा.

जुनीपोथी

तिसऱ्याविषयी दोन ओळी. 'थ्रिद्दा'चा 'थर्ड' झाला तो वर्णविपर्ययानं, र-कार जागा बदलून. 'ब्रिड'चा 'बर्ड'ही तसाच. आपल्याकडे लखनौचं नखलौ होतं तो हाच प्रकार. यॉर्कशर परगण्याचे नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट रायडिंग असे तीन भाग होते. त्यातला 'रायडिंग' घोडेस्वारीचा नाही, तो 'थ्रिडिंग', म्हणजे तिसरा हिस्सा. 'नॉर्थ', 'ईस्ट', 'वेस्ट' यांच्या शेवटच्या आवाजात सुरुवातीचा 'थ' गिळला गेला. कॅनडात मतदारसंघाला आजही रायडिंग म्हणतात आणि तिथे तीनचा काहीच संबंध उरलेला नाही. पेनीच्या चौथ्या हिश्शाचा 'फार्दिंग' 'फोर्थ'वरून आणि चर्चला द्यायचा दशांश 'टाइद' हे 'टेन्थ'चं जुनं रूप. मराठीत असंच झिजलेलं क्रमवाचक हवं असेल तर 'सटवी'. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी लेख लिहिणारी ती 'षष्ठी'.

पाढेपाठ

आणि 'सहावा' मात्र 'षष्ठ'वरून आलेला नाही. 'पंचम'चा 'पाचवा', 'सप्तम'चा 'सातवा' झाला, तिथे 'म'चा 'वा' झाला. तो 'वा' वेगळा काढून मराठीनं 'सहा'ला लावला. हिंदीत 'छठा' राहिला, तो 'षष्ठ'चा थेट वंशज. खडूफळा यांनी 'सिक्स्ता'चा 'सिक्स्थ' झाल्याचं सांगितलं, तशीच ही शेजाऱ्यांच्या देखादेखी झालेली दुरुस्ती आहे, आणि ती दोन्हीकडे सहाच्याच जागी झाली आहे.